ठकूबाईंची हाक

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय. पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. भूत, चकवा, देवचार... यातलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या घरी अमावास्येला दारात लिंबूसुद्धा टांगत नाहीत. नवरा तर अशा गोष्टी निघाल्या की उठून चहा ठेवायला जातो. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा माझं मलाच विचित्र वाटत होतं. एक आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. भीती मला त्या दिवशीही वाटली नव्हती. जे वाटलं ते अजून छातीत तसंच आहे, म्हणून लिहितेय.

मी महाडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. विद्यापीठाने मध्यंतरी ठरवलं की सगळ्या कॉलेजांमधलं संशोधन आणि जुना ठेवा एका डिजिटल भांडारात आणायचा. प्रबंध, जुनी वार्षिकं, फोटो, ध्वनिफिती, जे असेल ते. कागदोपत्री त्याला भारदस्त मराठी नाव होतं, पण सगळे म्हणायचे 'रिपॉझिटरी'. आमच्याकडे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी ते आनंदाने घेतलं.

महाडकरांना कारण सांगायला नको. पुरात सावित्री नदीचं पाणी चढून उतरलं की तळमजल्यावर पुस्तकं उरत नाहीत, चिखलाच्या विटा उरतात. पोरांनी वर्षानुवर्षं घाम गाळून लिहिलेले प्रबंध मी माझ्या हातांनी फावड्याने टेम्पोत भरलेत. एका विद्यार्थिनीचा प्रबंध उघडून वाळवायला गेले तर पानाला पान चिकटून सगळ्याचा लगदा झाला होता. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच — एकदा हे सगळं पाण्याच्या वर गेलं पाहिजे. सर्व्हर कुठेही असो, पुण्यात असो की परदेशात. सावित्री तिथे पोचणार नाही.

तर, स्कॅनिंग सुरू झालं. प्रबंध झाले, वार्षिकं झाली. मग वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा सापडला. आत कॅसेट्स. मराठी विभागात पूर्वी एक सर होते. मी कॉलेजात लागायच्या आधीच ते वारले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांची बोली हा त्यांचा विषय. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ते वाडीवाडीवर पायी फिरायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे. कपाटाच्या डोक्यावर होत्या म्हणूनच त्या फिती वाचल्या.

चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर मिळवायलाच जीव मेटाकुटीला आला. शेवटी दासगावच्या ओळखीच्या एकांनी माळ्यावरून काढून दिला. फितीवरची बुरशी हलक्या हाताने पुसायची, कॅसेट पुढे-मागे फिरवून मोकळी करायची, प्लेअरची वायर कॉम्प्युटरला जोडायची, आणि हेडफोन लावून बसायचं. आवाज फायलीत उतरतो. मग खरखर कमी करायची, आणि माहिती भरायची. बोलणाऱ्याचं नाव, गाव, विषय. दुपारी वाचनालय रिकामं असतं, तेव्हा मी हे करायचे. मला ते फार आवडायचं. मेलेली माणसं कानात बोलत असायची, आणि मी ते अगदी साधं काम असल्यासारखं करत होते.

त्यातच ठकूबाईंची फीत आली.

सर विचारतात, "नाव सांगा तुमचं."

"ठकी."

"पूर्ण नाव?"

"पुरंच हाय ते. आनी काय पुरं करू?" आणि खळखळून हसणं.

आवाज तरुण. नुकतीच लग्न होऊन आलेली असावी. ती जनावरांबद्दल बोलत होती. कुठली म्हैस लाथ मारते, कुठली रुसते, उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यांना कुठे न्यायचं. मग सर म्हणतात, संध्याकाळी सड्यावरून जनावरं कशी बोलावता ते करून दाखवा. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरची सपाट मोकळी जागा. त्यावर ती म्हणते, "यंतर लांब धरा, फुटंल," आणि परत हसते. आणि मग ती हाक.

"ये गो मोरेऽऽ... ये चांदेऽऽ... कवलेऽऽ... ये बाय घराऽऽ..."

लिहून ती हाक कळणार नाही. वर जाते, दरीत पडते, आणि शेवटचा 'घरा' असा काही लांबतो की बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या मला पटकन उठून खिडकीपाशी जावंसं वाटलं. हाक संपते आणि कॅसेटची बाजूही तिथेच संपते. खट् असा आवाज, पुढे काही नाही.

त्या फितीवर खरखर फार होती. हाकेचा तेवढा तुकडा साफ करायला मी तो परत परत वाजवला. किती वेळा, ते मोजलं नाही.

माहिती भरताना कॅसेटच्या डबीवरचं वाडीचं नाव वाचलं आणि हात थांबला. ते नाव मी इथे देत नाही. आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या वाडीवर डोंगर आला. आता तिथे वाडी नाही.

रिपॉझिटरीचा नियम असा की माणसाचा आवाज सगळ्या जगाला ऐकू जाईल असा ठेवायचा, तर त्या माणसाची किंवा वारसाची परवानगी हवी. मी पोलादपूरला जाऊन चौकशी केली. ठकूबाई त्या दरडीत गेल्या होत्या. नवरा होता, धोंडूबाबा. मुलगी होती, सुनंदा. हायवेवरच्या एका हॉटेलात ती भाकऱ्या करायची. तिला तिथेच गाठलं.

सुनंदा माझ्याच वयाची. आधी मुंबईला होती, घाटकोपरला एका कंपनीत पॅकिंगला. दरडीनंतर बापासाठी परत आली ती कायमचीच. मी सांगितलं की तुमच्या आईचा आवाज माझ्याकडे आहे. तिला आधी नीट कळलंच नाही.

"आवाज म्हनजे? फोनवरचा?"

"नाही, जुन्या कॅसेटवरचा. तुमच्या जन्माच्या आधीचा असेल."

पिठाचे हात तसेच घेऊन ती बाकड्यावर बसली. "आई फोनवर बोलायचीच नाय हो मॅडम. 'जेवलीस का गो' म्हनायची नि लगेच बाबांकडं द्यायची. बिल वाढतंय बोलायची. फोटो हाय माझ्याकडं. आवाज नाय... खूप वेळा आठवायला बघते, नाय आठवत आता."

मी इअरफोन दिले. आईचं हसू आलं तशी तीही हसली, डोळे भरून. पण हाक सुरू व्हायच्या जरा आधी, सर विचारतात तिथेच तिने इअरफोन काढून टाकले.

"हे मी एकटी नाय ऐकनार. बाबांना ऐकवू. चला तुमी."

बाबा पत्र्याच्या नव्या घरात फक्त झोपायला येतात, असं ती म्हणाली. दिवस उगवला की वर जातात. जुन्या वाडीच्या वरच्या सड्यावर जाऊन बसतात. जनावरं? "एक पन नाय ठेवलं. लोकांनी शेळी देऊ केली, ती पन नको म्हनाले."

रविवारी दुपारी आम्ही निघालो. पाऊस संपून थोडे दिवस झाले होते. कुडपणच्या बाजूला चढणाऱ्या रस्त्याने जीपने गेलो, आणि पुढे पायवाट. वर गवत कमरेएवढं, पिवळं पडायला लागलेलं. सड्याच्या कडेला एका कातळावर म्हातारा बसला होता. अंगात कोपरी, डोक्याला पंचा. खाली बघितलं तर उतार. ऐकून होते म्हणून कळलं. नाहीतर वाटलं असतं, डोंगराचा उतारच आहे. दरडीच्या लाल मातीवरही आता गवत आलं होतं.

सुनंदाने ओळख करून दिली. बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बस बाय. दमलीस."

मी परवानगीचं सांगितलं. ज्यांना सही येत नाही त्यांची परवानगी तोंडी रेकॉर्ड करून आणली तरी चालते, म्हणून कॉलेजचा छोटा रेकॉर्डर चालू करून कातळावर ठेवला. हे लक्षात ठेवा, रेकॉर्डर तेव्हापासून चालूच होता.

आणि मग बाबा आपणहूनच बोलायला लागले. माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं ते. ते बहुधा येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत असावेत.

"मी नव्हतो गो त्या दिशी. पोलादपूरला गेल्तो, वासराला औषध आनाया. पानी येवढं की मागारी येवाया वाट नाय. इकडं जमीन फुटाया लागली, तशी सगली मान्सं घरं सोडून वर देवलात आली. ही पन आली. आली व्हती वर! शेजारनीचा हात धरून आली. नि मंग बोलली, जनावरं दावनीला हायत. बोलली नि खाली गेली."

"बाबा," सुनंदा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना."

"शेजारनीनं तिला गोठ्याच्या वाटेला लागलेली बघितली. फुडं कुनीच नाय बघितलं. मंग डोंगार आला." ते थांबले. "गेली ती गेली. मान्सं जातात. पन मना येवढंच कलाया पायजे व्हतं... ती पोचली का? सोडली का तिनं? का वाटंवरच... नि ती मुकी जनावरं दाव्याला तशीच? कोन सांगनार? साह्यबाला इचारलं, मशीनवाल्याला इचारलं. त्ये बोलले, बाबा, मान्साचं बघू का जनावराचं बघू."

मी पिशवीतून छोटा स्पीकर काढला. म्हटलं, बाबा, ठकूबाईंचा आवाज ऐकता का?

त्यांनी मान हलवली. होय की नाही, कळलं नाही. सुनंदाने मला खूण केली, लावा.

"ठकी," स्पीकरमधून आवाज आला. "पुरंच हाय ते."

म्हातारा हसला. हो, चक्क हसला. तोंडावर हात ठेवून, लाजल्यासारखा. ती कुठल्या म्हशीचं काय सांगते त्यावर "खोटं बोलते" असंसुद्धा म्हणाला. सुनंदाने बापाच्या दंडाला धरलं होतं. ऊन कलायला लागलं होतं, वारा पडला होता. मला वाटलं, चला, एक चांगलं काम झालं आपल्या हातून.

मग हाक आली.

मोकळ्या सड्यावर ती वेगळीच वाटली. खोलीत कोंडलेली होती, इथे सुटली. स्पीकर केवढासा, पण आवाज समोरच्या डोंगराला जाऊन लागला आणि परत आला. "...ये बाय घराऽऽ..." आणि खट्. फाईल संपली. स्पीकरचा निळा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

गवतात किडे वाजत होते, तेही थांबल्यासारखे वाटले. ते माझ्या मनाचं असेल.

आणि खालून घंटा वाजली.

जनावराच्या गळ्यातली घंटा. एक. मग दुसरी, जरा जाड आवाजाची. मग बऱ्याच, एकात एक मिसळून. मी म्हटलं, "कुणाची गुरं आहेत खाली?" सुनंदा उताराकडे बघत होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. खालच्या उतारावर काही नव्हतं. आम्हाला सगळा उतार दिसत होता, स्वच्छ उन्हात. गवत हलतसुद्धा नव्हतं. आणि घंटा वर येत होत्या. चढण चढताना जनावर जसं थांबत, पाऊल टाकत येतं, तशा. थोडी विश्रांती, मग चार पावलं.

म्हातारा उठून उभा राहिला. कान देऊन ऐकत होता.

"चालतात," तो म्हणाला. मला नाही, सुनंदालाही नाही. "आगो, चालतात ती! दाव्याला बांधलेल्या जनावराच्या गल्यातली घाट अशी नाय वाजत. त्ये एका जागी मान झटाकतं... ही चालतात. सोडली गो तिनं! सोडली सगली!"

घंटा सड्यावर आल्या. आमच्या आजूबाजूला आल्या. मी याहून वेगळं कसं सांगू? अगदी हाताच्या अंतरावर वाजत होत्या. उन्हात तापलेल्या जनावराच्या अंगाचा वास असतो ना, शेणाचा आणि गवताचा, तो मला आला. बाबा हवेत हात पुढे करून एकेकीचं नाव घेत होते. "मोरी... ये माजी बाय. कवली. चांदी, लंगडतेस अजून? आनी ही कोन, पारडी... आली, पारडी पन आली." नावं ती जुनीच, कॅसेटमधली. सुनंदाने नंतर सांगितलं, म्हैस गेली की तिच्या पारडीला तेच नाव ठेवायची आईची पद्धत होती.

ते रडत होते आणि हसत होते. सुनंदा "बाबा, बसा... बाबा, खाली बसा" एवढंच म्हणत होती. मी स्पीकर दोन्ही हातांत घट्ट धरून उभी. भीती नाही, खरंच नाही.

सगळी आली तसे बाबा वळले. सड्याच्या कडेला गेले, जिथून वाट वर येते तिथे. पंचा डोक्यावरून काढून हातात घेतला.

"आता ती येल," ते म्हणाले. "ती मागनं येते. जनावरं फुडं घालून नेहमी मागंच असते."

आम्ही वाट बघितली.

मीही बघितली, हे कबूल करते. शिकलेली, कशावर विश्वास नसलेली बाई मी, त्या रिकाम्या वाटेकडे डोळे लावून उभी होते. एखादं पाऊल वाजेल, बांगड्या वाजतील... घंटा आमच्या पाठीमागे हळूहळू विरळ होत गेल्या. जनावरं चरायला पांगावीत तशा. मग एकच राहिली. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

वाटेवर कोणीच आलं नाही.

ऊन डोंगराआड गेलं तरी बाबा हलले नाहीत. शेवटी सुनंदाने त्यांच्या हातातला पंचा घेऊन त्यांच्या खांद्यावर टाकला. "चला बाबा. नाय येनार ती."

"जनावरं सोडली," ते म्हणाले, "नि सोताला सोडवाया टाइम नाय मिलाला तिला."

उतरताना ते सुनंदाचा हात धरून चालत होते. जीपपाशी आल्यावर मी म्हटलं, बाबा, तुम्हाला याची कॉपी देते, घरी कधीही ऐका. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नको गो बाय. बोलावलं की जनावरं येनार. येवढा डोंगार चडून येनार बिचारी, नि इथं कोन हाय त्यास्नी? ना गोठा, ना वैरन. किती दमवायची मुक्या जनावराला?"

"आणि परवानगी?" हे मी विचारलं. आज वाटतं, विचारायला नको होतं.

"तू ते समद्या जगाला ऐकवनार ना? कोनबी कुठूनबी लावनार?"

"हो."

"मंग नको. ऱ्हाऊ दे त्यास्नी."

परतताना महाड जवळ आलं तेव्हा अचानक ध्यानात आलं. खरखर काढायला तो हाकेचा तुकडा मी किती दुपारी परत परत वाजवला होता... थांबवून, मागे नेऊन, पुन्हा. प्रत्येक वेळी ती जनावरं आली असतील का? खालपासून वर, आणि वर कोणीच नाही. हा विचार वेडगळ आहे, मला कळतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं, काय झालं. सांगितलं. या वेळी तो उठून गेला नाही. बसून ऐकलं, आणि म्हणाला, "ती फाईल नको वाजवूस परत."

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डर ऐकला. तो चालूच होता, मघाशी सांगितलं तसा. बाबांचं बोलणं आहे, स्पष्ट. ठकूबाईंची हाक आहे. मग शांतता. मग माझा आवाज, "कुणाची गुरं आहेत खाली?" मग बाबांचं "चालतात", एकेक नाव, मधल्या मोकळ्या जागा, सुनंदाचं "बसा". किडेही वाजतात. घंटा मात्र नाहीत. एकही नाही. आवाज कितीही वाढवून ऐका, तीन माणसं कशाला तरी उत्तर देतायत, आणि ते 'काहीतरी' तिथे नाही.

विद्यापीठात आमच्या प्रकल्पाचे एक समन्वयक होते, सज्जन माणूस. त्यांना फोन करून सांगितलं की एक ध्वनिफीत खुली करता येणार नाही. ते नाराज झाले. "मॅडम, बोलीचा इतका जुना नमुना, आणि ती हाक म्हणजे तर दुर्मीळच! वाडीच राहिली नाही म्हणताय, मग जतन करायला नको का?"

"जतन केलंय सर. फक्त कोणाला वाजवता येणार नाही."

"कारण काय लिहू?"

"वारसांची परवानगी नाही."

ते खरंही होतं. त्यामुळे रिपॉझिटरीत आज ठकूबाईंचं नाव आहे, वाडीचं आहे, सरांचं आहे. वाजवायच्या बटणाच्या जागी कुलपाचं चित्र आहे. कुणी तिथे क्लिक केलं की मला विनंतीचा मेल येतो. भाषाशास्त्राची मुलं विचारतात. एक जण तर महाडपर्यंत आला होता. मी नम्रपणे नाही म्हणते. बाकीच्या सगळ्या फिती खुल्या आहेत, कोणीही ऐकाव्यात.

बाबा त्यानंतर सड्यावर जायचे थांबले. सुनंदाने फोनवर सांगितलं, घरी असतात, अंगणात बसतात, शेजारच्यांच्या वासराला पाला घालतात. आपल्याला माहीत नव्हतं ते कळलं, आता तिकडे काय बघायचं, असं म्हणतात म्हणे. मला बरं वाटलं. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले. मी दिवसकार्याला गेले होते. पत्र्याच्या घरासमोर माणसं बसली होती, सगळी त्याच वाडीची. जी उरली ती.

आणि आता शेवटचं. यंदा दिवाळीच्या आधी सुनंदा कॉलेजात आली. ग्रंथालयात ती पहिल्यांदाच येत होती. चपला बाहेर काढायला लागली, मी नको म्हटलं. दुपार होती, कोणी नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, ती आईची फाईल... हाय ना अजून?"

"आहे. आता वारस तुम्हीच. तुमची परवानगी असेल तर खुली करता येईल. नाहीतर तुम्हाला एकटीला ऐकवते. आईचा आवाज आहे तो, तुमचा हक्क आहे."

ती माझ्या शेजारी बसली. मी फाईल उघडली. पडद्यावर आवाजाची ती वरखाली रेघ असते, शेवटी हाकेच्या जागी उंच झालेली. ती तिच्याकडे बघत राहिली.

"बाबा गेले त्या दिवसापासनं डोक्यात एकच हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी सगली जनावरं आली, आई नाय आली. मला वाटायचं, आईला कोन बोलावनार? ती हाक मारनारी, तिला कोन हाक मारनार?"

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आता बाबा हायत ना तिकडं." तिने पदर तोंडाला लावला. "आता लावली, तर जनावरांच्या मागनं दोघं येतील का हो?"

माझा हात माऊसवर होता. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. आलं नाही कोणी, तर? आणि आलं, तर? मग परत जायचं कुठे त्यांनी?

मग तिनेच हात पुढे करून माझा हात माऊसवरून उचलला, आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला. भाकऱ्या थापून थापून तिचे तळवे खरबरीत झालेत. फाईल आम्ही लावली नाही.

त्या घंटांबद्दल मी पुष्कळांना विचारलंय. कुणी प्रतिध्वनी म्हणालं, कुणी लांबच्या वाडीची गुरं म्हणालं, एका डॉक्टर मैत्रिणीने दुःखात तिघांना एकच भास होऊ शकतो असं सांगितलं. असेलही. मला अजून कळलेलं नाही. सुनंदा तासाभराने उठली, पाणी प्यायली, आणि पोलादपूरची एसटी पकडायला गेली.